क्रुसामागचं गटार कुणी शोधायचं?

मार्च २०१२. मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागात, वेलंकणी मातेच्या चर्चमधल्या क्रुसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. बातमी पसरली तशी माणसं जमली, प्रार्थना सुरू झाल्या, पाणी बाटल्यांत भरून घरोघरी गेलं, काहींनी तीर्थ म्हणून ते प्राशनही केलं. एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या बोलावण्यावरून सनल एडामारुकू हे नास्तिक बुद्धिवादी कार्यकर्ते तिथे पोचले. त्यांनी मूर्तीच्या पायांपेक्षा मागच्या भिंतीकडे जास्त लक्ष दिलं. जवळच्या शौचालयाच्या सांडपाण्याचा निचरा तुंबला होता. ते पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढत होतं आणि खिळ्याच्या भोकातून वाट काढत पायांपर्यंत येत होतं. शाळेच्या पुस्तकात असतं तेवढंच विज्ञान. पुढे वाहिनीवर चर्चा रंगली, एडामारुकूंनी चर्चवर चमत्कारांचा बाजार मांडल्याचा आरोप केला, आणि धार्मिक भावना दुखावल्याच्या कलम २९५ (अ) खाली पोलिसांत तक्रारी गेल्या. अटक टाळण्यासाठी ते त्याच वर्षी फिनलंडला गेले आणि तिथेच राहिले.

तेव्हापासून कुठल्याही चंगाई सभेची (प्रार्थनेने आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या सभेची) चित्रफीत फिरू लागली, कुठल्याही मूर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं, की हे प्रकरण उकरून काढलं जातं आणि दोन्ही बाजू ठरलेल्या जागी उभ्या राहतात. एक बाजू म्हणते, श्रद्धा म्हणजे डोळे मिटणं. गॅलिलिओचं काय केलं ते आठवा. दुसरी म्हणते, श्रद्धा बुद्धीच्या पलीकडची असते; तिथे प्रश्न विचारायचे नसतात, आमच्या भावना दुखावतात. मला चीड येते ती या भांडणाची नव्हे, त्याखालच्या एकमताची. बुद्धी जिथे संपते तिथे श्रद्धा सुरू होते, हे दोघांनाही मान्य आहे. आणि निदान ख्रिस्ती धर्मापुरतं बोलायचं तर ते साफ चूक आहे. तपासाला नकार देणारी श्रद्धा ही त्या धर्माच्या स्वतःच्या परंपरेत उणीव मानली गेली आहे. त्या भिंतीमागचं गटार शोधण्याचं काम आधी तिथल्या धर्मग्रामाचं, म्हणजे त्या चर्चच्या धर्मगुरूंचं आणि भाविकांचं होतं. ते एका नास्तिकाने केलं, म्हणून त्याचे आभार मानायला हवे होते. हे मी आधी श्रद्धावंतांना उद्देशून म्हणतो आहे आणि मग बुद्धिवाद्यांना. हा क्रम मुद्दाम आहे.

ख्रिस्ती माणसाला बुद्धीपासून पळता येत नाही, याचं कारण त्याच्या श्रद्धेच्या घडणीतच आहे. दर रविवारी म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धाप्रकटनात देव, येशू, पवित्र आत्मा यांच्याबरोबर एका रोमन अधिकाऱ्याचं नाव येतं: पंतय पिलात. प्रार्थनेत सरकारी अंमलदाराचं नाव कशाला? तर सांगितली जाणारी गोष्ट अमुक काळात, अमुक अमलाखाली, अमुक गावात घडली असा तो दावा आहे. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणाही व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. त्याच अध्यायात तो साक्षीदारांची यादी देतो, पाचशेहून अधिक बांधवांना ख्रिस्त एकाच वेळी दिसला असं म्हणतो, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत अशी पुस्ती जोडतो. ती पुस्ती कशासाठी? शंका असेल तर जा आणि विचारा, हाच तिचा अर्थ. दावा खरा की खोटा हा वेगळा वाद आहे, आणि तो जरूर व्हावा. पण ज्याने आपला सारा संसार एका घडलेल्या गोष्टीवर उभा केला, त्याला ती घडली का असं विचारल्यावर भावनेआड लपता येत नाही.

यावर पहिला आक्षेप बायबलमधूनच येतो, आणि तो हलका नाही. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य थोमा म्हणतो की उठलेल्या येशूच्या हातांतल्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मी मानणार नाही. येशू त्याला भेटतो आणि शेवटी म्हणतो, ‘पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे ते धन्य.’ झालं, आणखी काय पुरावा हवा? पौलही जगाच्या ज्ञानाला मूर्खपण म्हणतो. ल्यूथरने तर बुद्धीला सैतानाची रखेली म्हटलं. हे सगळं खरं आहे, आणि प्रवचनांत रोज वापरलं जातं. पण थोमाची गोष्ट नीट वाचा. त्याला हाकलून दिलं जात नाही, त्याच्यावर भावना दुखावल्याचा ठपका येत नाही. त्याने जे मागितलं तेच त्याच्यापुढे केलं जातं: हात पुढे कर, बघ. आणि ‘धन्य’ या वाक्याच्या लगेच पुढे लेखक सांगतो की ही चिन्हं तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून लिहून ठेवली आहेत. म्हणजे ज्यांना पाहता येणार नाही त्यांच्या हाती साक्ष दिली आहे. पाहू नका असा हुकूम सोडलेला नाही. ल्यूथरचंही तसंच. १५२१मध्ये वर्म्सच्या सभेत सम्राटापुढे उभा राहून तो जेव्हा माघार घ्यायला नकार देतो, तेव्हा पवित्र शास्त्राने किंवा उघड युक्तिवादाने मला पटवून द्या, अशी त्याची अट असते. पोपच्या आणि धर्मपरिषदांच्या नुसत्या शब्दावर तो विसंबायला तयार नाही. बुद्धीला शिव्या देणाऱ्याला ऐन वेळी बुद्धीचाच आधार घ्यावा लागला, याची गंमत वाटते.

आणि ही वृत्ती आधुनिक काळातल्या नामुष्कीतून आलेली नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी बिशप ऑगस्टीन बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य लिहीत होता. पृथ्वी, आकाश, ताऱ्यांची गती, प्राणी आणि वनस्पती यांबद्दल अख्रिस्ती लोकांनाही अनुभवातून आणि विचारातून पक्कं ज्ञान असतं, असं तो तिथे म्हणतो. अशा विषयांत ख्रिस्ती माणूस बायबलचा हवाला देत अडाण्यासारखं बरळला तर ती लाजिरवाणी गोष्ट आहे, कारण ऐकणारा म्हणेल, दिसतं त्याबद्दलच यांचं हे असं, तर पुनरुत्थानाबद्दल यांचं काय ऐकायचं? गॅलिलिओच्या बाराशे वर्षं आधीची ही ताकीद. अकराव्या शतकातला अ‍ॅन्सेल्म त्याच्याही पुढे गेला. देवाच्या अस्तित्वाचा त्याने एक युक्तिवाद मांडला. त्यावर गोनिलो नावाच्या एका साध्या मठवासीयाने ‘मूर्खाच्या वतीने’ जबाब लिहिला. तुझ्या तर्काने तर कुठलंही परिपूर्ण काल्पनिक बेट अस्तित्वात असल्याचं सिद्ध करता येईल, असा तो जबाब होता. अ‍ॅन्सेल्मने काय करावं? त्याने उत्तर लिहिलं, आणि यापुढे माझ्या ग्रंथाची नक्कल करताना गोनिलोची टीका आणि माझं उत्तर दोन्ही सोबत जोडावं, असं सांगून ठेवलं. टीकाकाराला आपल्याच पुस्तकाच्या बांधणीत जागा देणारा हा पुढे कॅन्टरबरीचा आर्चबिशप आणि चर्चचा संत झाला. एडामारुकूंच्या वाट्याला काय आलं ते वर लिहिलंच आहे.

तोमास अक्विनासचा मोठा ग्रंथ अनेकांनी नावाने ऐकलेला असतो, उघडून पाहिलेला नसतो. उघडला तर पहिली गोष्ट जाणवते ती मांडणी. कुठलाही प्रश्न घेतला की सुरुवात विरोधकाच्या म्हणण्याने होते. ‘देव आहे का?’ या प्रश्नाखाली पहिलं वाक्य असं की, देव नाही असं दिसतं. मग दोन कारणं. एक, अमर्याद चांगलं असं काही असतं तर वाईटाला जागाच उरली नसती; पण जगात वाईट आहे. दोन, थोड्या तत्त्वांनी भागत असेल तर जास्त मानण्याचं कारण नाही. निसर्गातल्या गोष्टींचा उलगडा निसर्गाने होतो, माणसाच्या कृतींचा माणसाच्या बुद्धीने आणि इच्छेने. मग देव हवा कशाला? आजचा कोणताही नास्तिक याहून नेमकं बोलत नाही, आणि बहुतेक जण याहून पुष्कळ पसरट बोलतात. हे तेराव्या शतकातल्या एका धर्मगुरूने, धर्मशास्त्र शिकू लागलेल्या मुलांसाठी लिहिलं. त्याची उत्तरं पटोत न पटोत. माझा मुद्दा आहे त्याच्या शिस्तीचा. समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडता येत नसेल तर तुला उत्तर देण्याचा अधिकार नाही, ही शिस्त. हाच अक्विनास असंही मान्य करतो की त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) बुद्धीने सिद्ध करता येत नाही, आणि जगाला कालात आरंभ होता हेही सिद्ध करता येत नाही. ते विश्वासाने धरलेलं आहे. म्हणजे कुठे सिद्धता आहे आणि कुठे नाही, याचा हिशेब त्याने चोख ठेवला.

आता दुसऱ्या बाजूचं खातं. मी आतापर्यंत निवडक माणसं दाखवली, असा आरोप कुणी केला तर तो रास्त आहे. १२७७मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानं निषिद्ध ठरवली, आणि त्यांतली काही थेट अक्विनासच्या मतांना लागत होती. त्याला मरून तीन वर्षं झाली होती. त्याच अक्विनासला १३२३मध्ये संत जाहीर केलं गेलं. १६००मध्ये जोर्दानो ब्रूनोला रोममध्ये जाळलं. निषिद्ध ग्रंथांची यादी १५५९पासून १९६६पर्यंत चालू राहिली. आपल्या शेजारी गोव्यात १५६०मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं धर्मन्यायालय, आलं आणि मधला थोडा खंड सोडता १८१२पर्यंत टिकलं. ज्याच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या आहेत त्याने श्रद्धा आणि विवेकाच्या मैत्रीवर प्रवचन द्यावं का, असं गोव्यातला कुणी विचारील तर त्याला गप्प करणारं उत्तर माझ्यापाशी नाही.

मात्र त्या खात्यातही नक्की काय घडलं ते पाहायला हवं, कारण गॅलिलिओचं प्रकरण दोन्ही बाजू फारच सैल वापरतात. १६१५च्या एप्रिलमध्ये कार्डिनल बेल्लार्मिनोने फॉस्कारिनी या कार्मेलाइट धर्मगुरूला पत्र लिहिलं. सूर्य स्थिर आहे याची खरी सिद्धता मिळाली, तर बायबलमधल्या उलट दिसणाऱ्या वचनांचा अर्थ लावताना जपावं लागेल, आणि सिद्ध झालेलं खोटं ठरवण्यापेक्षा ती वचनं आपल्याला कळली नाहीत असं म्हणणं बरं, असं तो त्यात म्हणतो. अशी सिद्धता मला कुणी दाखवलेली नाही, असंही म्हणतो. आणि त्या वर्षी ते खोटं नव्हतं. तत्त्व बरोबर होतं. तरीही १६१६मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्तीपर्यंत रोखला गेला आणि १६३३मध्ये गॅलिलिओला गुडघ्यावर बसवून शपथ घ्यायला लावली. का? प्रोटेस्टंट बंडानंतर चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने बायबलचा अर्थ लावण्याचा हक्क घट्ट मुठीत धरला होता, आणि एक गणिती आपणहून तो अर्थ लावू पाहत होता. भांडण सूर्याचं कमी, अधिकाराचं जास्त. याने चर्चचा दोष हलका होतो का? उलट वाढतो. स्वतःजवळ योग्य नियम होता आणि सत्ता जाईल या भीतीने तो गुंडाळून ठेवला. पण यातून ‘श्रद्धा बुद्धीची वैरी’ हे निघत नाही. निघतं ते इतकंच की सत्ता प्रश्नांची वैरी असते, मग ती कुणाचीही असो. सोव्हिएत रशियात लायसेन्को या सरकारी मर्जीतल्या शेतीतज्ज्ञाच्या काळी जनुकशास्त्रज्ञांना तुरुंगात टाकणारे लोक कुठल्या चर्चला जात होते?

बुद्धिवाद्यांचा सगळ्यात जड मुद्दा वेगळाच आहे, आणि तो क्वचितच नीट मांडला जातो. तो असा: तुमचं न्यायालयच पक्षपाती आहे. १८७०च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलं की श्रद्धा आणि बुद्धी यांच्यात खरा विरोध असूच शकत नाही. दिसला तर एक तर सिद्धान्त चुकीचा समजला गेला, नाही तर बुद्धीने भलतंच मत धरलं. म्हणजे छापा पडला तरी तुम्ही जिंकणार आणि काटा पडला तरी. विज्ञानाने मात केली की ते वचन रूपक होतं म्हणायचं. याला काय उत्तर? पूर्ण उत्तर नाही, हे आधी कबूल करावं. पण कसोटी लावता येते: या संस्थेने धरलेलं काही कधी सोडलं आहे का, की नुसते शब्द फिरवले? बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या अर्भकांसाठी शतकानुशतकं सांगितला गेलेला ‘लिम्बो’ हा स्वर्गाबाहेरचा मुक्काम २००७च्या ईशशास्त्रज्ञांच्या दस्तऐवजाने बाजूला सारला. १८६४मध्ये ज्या धर्मस्वातंत्र्याला पोपने चुकांच्या यादीत घातलं, त्याला १९६५मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने माणसाचा हक्क म्हटलं. इथे रूपकाची पळवाट चालत नाही, मत बदललं. गॅलिलिओबद्दलची चूक पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२मध्ये मान्य केली, म्हणजे ३५९ वर्षांनी. उशीर शरमेचा आहे. आणि ही प्रत्येक दुरुस्ती बाहेरून कुणीतरी धक्का दिल्यावर झाली, हेही खरं. माझ्या दृष्टीने त्यातून निघणारा निष्कर्ष चर्चला अडचणीचा आहे: ज्या परंपरेला आपण दुरुस्त होऊ शकतो असं म्हणायचं आहे, तिला बाहेरचा टीकाकार परवडतो की नाही हा प्रश्नच नाही, तो तिला लागतोच.

त्याच १८७०च्या दस्तऐवजातलं दुसरं कलम मात्र आपले भाविक विसरतात. बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशाने देवाला जाणता येत नाही, असं म्हणणाऱ्याला तिथे धिक्कार आहे. त्याआधी १८४०मध्ये स्ट्रासबर्गच्या बोतें नावाच्या धर्मगुरूकडून, बुद्धी श्रद्धेच्या आधी चालते अशा अर्थाच्या विधानांवर सही घेण्यात आली होती, कारण तो बुद्धीला फारच कमी लेखू लागला होता. ‘श्रद्धा बुद्धीपलीकडची, विचारू नका’ हे वाक्य आपल्याकडे भक्तीचं लक्षण समजलं जातं. रोमच्या दप्तरी ते चुकांच्या रकान्यात आहे.

आता चमत्कारांकडे. प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी हा बोलोन्याचा माणूस १७०८पासून वीस वर्षं रोममध्ये, लोक ज्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत, त्या पदावर होता. कुणाला संत जाहीर करायचं म्हटलं की त्याच्याविरुद्ध बोलणं हे त्याचं पगारी काम. त्या अनुभवावर त्याने अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला आणि चमत्काराने बरं होण्याच्या कसोट्या घातल्या. आजार गंभीर हवा. आपोआप उतरणीला लागलेला नको. औषधोपचार झालेले नकोत किंवा ते निष्फळ ठरल्याचं दिसायला हवं. बरं होणं अचानक आणि पूर्ण हवं. आणि आजार परत उलटता कामा नये. कल्पनेच्या जोरावर शरीरात काय काय घडतं याचाही त्याने विचार केला आहे. हाच लाम्बेर्तिनी पुढे पोप चौदावा बेनेडिक्ट झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत १७५८मध्ये सूर्यकेंद्री ग्रंथांवरची सरसकट बंदी यादीतून गेली. फ्रान्समधल्या लूर्द इथे १८८३पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरं झाल्याचा दावा करणाऱ्याचे कागद तिथे तपासले जातात, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी कॅथलिकच असावं अशी अट नाही. ७,०००हून अधिक दावे तिथे नोंदले गेले. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले त्यांतले सत्तरच्या थोडे वर आहेत. म्हणजे शंभरातले नव्याण्णव वाटेतच गळाले. उरलेल्यांचा नैसर्गिक उलगडा उद्या होणार नाही याची हमी कुणी देऊ नये, मीही देत नाही. पण आपल्याकडच्या चंगाई सभेत व्यासपीठावर चालत आलेल्या माणसाचं ‘हालेलुया’ म्हणून जे स्वागत होतं, त्यात लाम्बेर्तिनीची एक तरी कसोटी लागते का? आधीचा एक्स-रे कुणी मागतं? सहा महिन्यांनी कुणी त्याच्या घरी जातं?

आणि रोमनेही आपली शिस्त सैल केली, हे सांगायला हवं. १९८३मध्ये सैतानाच्या वकिलाचं जुनं कडक पद जवळजवळ मोडीत निघालं. जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत ४८२ संत झाले. मदर तेरेसांच्या धन्यपदासाठी (संतपदाच्या आधीची पायरी) मानला गेलेला चमत्कार, पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी स्त्रीचा १९९८मधला पोटातला गोळा, हा औषधांनी गेला असं बालुरघाटच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितलं होतं. रोमच्या वैद्यकीय मंडळाने वेगळं ठरवलं. मला विचाराल तर उपचार चालू होते एवढ्याच मुद्द्यावर लाम्बेर्तिनीने ती फाइल बंद केली असती. मदर तेरेसांनी रस्त्यावरच्या मरणाऱ्यांना उचललं, या गोष्टीला त्या गोळ्याच्या टेकूची गरजही नव्हती.

आपल्या मुलखात या वादाला जुना इतिहास आहे, आणि तो मिशनऱ्यांना फारसा शोभणारा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत त्यांनी पुराणांतल्या चमत्कारांवर तर्काची सुरी चालवली. तीच सुरी शुभवर्तमानातल्या चमत्कारांना लावायची वेळ आली की ती म्यानात गेली. १८५७च्या पहिल्या महिन्यांत समुद्रकिनाऱ्यावरच्या जाहीर वादांत विष्णुबावा ब्रह्मचारींनी त्यांना याच जागी पकडलं, आणि बरोबर पकडलं. पण त्याच शतकात काशीत राहणारे नीळकंठशास्त्री गोरे आहेत. त्यांनी आधी मिशनरी मतांचं संस्कृतात खंडन लिहिलं, विशेषतः अनंतकाळच्या शिक्षेची कल्पना त्यांना अन्यायाची वाटत होती, आणि वाद घालता घालता ते १८४८मध्ये नेहेम्या गोरे झाले. ज्या माणसाला पटवण्यासाठी इतकं भांडावं लागतं, त्याच्या श्रद्धेला डोळे मिटलेली म्हणता येईल?

गोऱ्यांच्या लेखनाचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला. १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मठातल्या बायकांना वाटलं की आता ही विदुषी आपल्या ओंजळीने पाणी पिईल. झालं उलटंच. त्रैक्य, येशूचा अलौकिक जन्म, न मानणाऱ्यांना नरकात धाडणारं अथनेशियन श्रद्धासूत्र, एकेका गोष्टीवर रमाबाई पत्रांतून प्रश्न विचारत राहिल्या. त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. रमाबाईंचं उत्तर सरळ होतं: भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने फेकलं, तसलंच दुसरं मानेवर घ्यायला मी तयार नाही, मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. बाप्तिस्मा घेतलेली बाई हे बोलते आहे, धर्म सोडायला निघालेली नव्हे. इथे कुणी केडगावचं १९०५चं धार्मिक जागरण पुढे करील. रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या मुली रडत होत्या, अगम्य भाषांत बोलत होत्या. तिथे कुठे गेला विवेक? प्रश्न योग्य आहे, आणि त्या प्रकाराकडे मी स्वतः संशयानेच पाहतो. मात्र त्याच केडगावात त्या काळी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबायचं नाही, मूळ पाहून साध्या बायांना कळेल असं मराठी बायबल करायचं, हे काम त्यांनी १९२२मध्ये मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत ओढून पुरं केलं. एकाच बाईत हे दोन्ही होतं. वादात तिला वाटून घेणाऱ्या दोन्ही बाजूंना अर्धीच रमाबाई मिळते.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी एक विचित्र पुतळा आहे: झग्यातला पाद्री, हात पसरलेले, समोर कोसळणारी बाई. हा कांदोळीत जन्मलेला आबे फारिया. माणसाला संमोहनाची झोप लागते ती एका चुंबकीय द्रवाने, असं पॅरिसमध्ये तेव्हा मेस्मरचे अनुयायी सांगत, तर धर्माभिमानी लोकांना त्यात सैतानाचा हात दिसे. फारियाने दोघांनाही नाकारलं: द्रव नाही, सैतान नाही, झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातच कारण आहे, सूचनेने ते जागं होतं. १८१९मध्ये, मरणाच्या वर्षी, त्याचा ग्रंथ निघाला. अलौकिक वाटणाऱ्या गोष्टीचं लौकिक कारण शोधणारा हा माणूस झगा घालूनच ते करत होता. चंगाई सभा घेणाऱ्यांनी गोव्याला गेल्यावर त्या पुतळ्यापाशी दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.

बुद्धिवाद्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. इर्ल्याच्या पाण्याचा उगम गटारात होता, यातून इर्ल्याचं पाणी गटाराचं होतं एवढंच सिद्ध होतं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचं काय करायचं, मरणाला अर्थ आहे का, शत्रूला क्षमा का करावी, हे प्रश्न केशाकर्षणाने सुटत नाहीत. पुराव्याच्या मर्यादेत राहायचं हा नियम दोन्हीकडून लागतो, आणि तो कसा पाळायचा हे एका धर्मगुरूने दाखवलं आहे. बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्रने १९२७मध्ये प्रसरण पावणाऱ्या विश्वाचं गणित मांडलं, नंतर आदिम अणूची (आजच्या महास्फोटाच्या सिद्धान्ताची बीजरूप) कल्पना दिली. १९५१मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या विज्ञानात जणू निर्मितीची साक्षच पाहिली. लमेत्रला ते आवडलं नाही. गृहीतक उद्या बदललं तर श्रद्धाही बदलायची का? त्याने पोपच्या सल्लागारांपर्यंत आपलं म्हणणं पोचवलं, आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपने तो सूर टाळला. श्रद्धेच्या बाजूने पडणारा पुरावा श्रद्धावंतानेच नाकारावा, याला मी बौद्धिक प्रामाणिकपणा म्हणतो. (मेंडेल पाद्री होता, लमेत्र पाद्री होता अशी यादी फेकून वाद जिंकणाऱ्यांनी हा प्रसंगही यादीत घालावा.)

एक शेवटचा आक्षेप राहतो, आणि तो मनाला लागतो. बाटलीत पाणी भरून नेणारी बाई कोण असते? तिच्या घरी आजारी माणूस असतो, पैसे संपलेले असतात. तिच्या हातातली ती बाटली हिसकावून कुणाचं काय भलं होणार? करुणेने विचारलेला हा प्रश्न आहे. पण तिने घरी नेलं ते सांडपाणी होतं. ते तिने आजाऱ्याला पाजलं असेल, तर तिच्या भावना जपल्याचं पुण्य कुणाच्या पदरी जाणार? उच्चभ्रू भाविकाला चमत्कार फसवा निघाला तर त्याची थोडी पंचाईत होते. गरिबाचा त्यात उपचाराचा वेळ जातो. चौकशीची सगळ्यात जास्त निकड त्यालाच असते.

चर्चने इर्ल्याच्या पाण्याला अधिकृतपणे चमत्कार म्हटलं नव्हतं, असा खुलासा तेव्हा झाला आणि तो खरा आहे. पण नुसतं न म्हणणं पुरेसं होतं का? कॅथलिक धर्मगुरू होण्यासाठी ईशशास्त्राच्या आधी निदान दोन वर्षं तत्त्वज्ञान शिकावं लागतं. त्यासाठी देशभरातून मुलं पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात आणि पेपल सेमिनरीत येतात, अक्विनास वाचतात, परीक्षा देतात. ते शिक्षण व्यासपीठावर का पोचत नाही? पहिल्या दिवशीच गर्दीसमोर उभं राहून, ‘बाटल्या भरू नका, आधी प्लंबर बघून जाऊ दे,’ एवढं म्हणायला कुठल्या परिषदेची परवानगी लागत नव्हती. आणि २९५ (अ) आता न्याय संहितेत कलम २९९ होऊन बसलं आहे. पुढच्या वेळी कुणी नास्तिक भिंत ठोकून पाहील तेव्हा तक्रारीचा कागद घेऊन ठाण्यात निघालेल्या पोरांना धर्मग्रामाच्या फादरनेच दारात अडवायला हवं.